रक्तातून नवी रक्तवाहिनी: ऐकीव किती, खरं किती?

सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत खानदेशातून आलेल्या मराठी माणसांची मोठी वस्ती आहे. मधुमेहाने पायाची जखम चिघळलेला एखादा नातेवाईक बहुतेकांच्या ओळखीत असतो. अशा घरात "आता रक्तातूनच नवी नस बनवतात" असं कुणी सांगितलं, की आशा वाटणारच. त्यात तथ्य आहे, पण सांगितलं जातं तेवढं नाही.

गैरसमज : रक्ताचा रक्तवाहिनी घडवण्याशी संबंध नाही.
1997 पर्यंत शास्त्रज्ञही साधारण असंच मानत. मोठ्या माणसात नवी वाहिनी फुटते ती जुन्या वाहिनीतूनच, अशी समजूत होती. त्या वर्षी ताकायुकी असाहारा आणि जेफ्री इस्नर यांच्या गटाने रक्तात वाहिनीच्या अस्तराच्या पूर्वज पेशी असाव्यात, असं दाखवलं.

गैरसमज : प्रयोगशाळेतल्या बशीत वाढली ती प्रत्येक पेशी वाहिनीची पूर्वज.
खरा घोळ इथेच झाला, आणि तो अनेक वर्षं चालला. रक्त विशिष्ट द्रावणावर ओतून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, मधला पांढुरका थर उचलतात, आणि कोलॅजन किंवा फायब्रोनेक्टिनचा लेप दिलेल्या बशीत वाढ-घटकांसह ठेवतात. चार ते सात दिवसांत लांबट पेशी दिसतात. त्यांनाच पूर्वज मानलं गेलं. प्रत्यक्षात त्या बहुतांशी मोनोसाइट वर्गातल्या, म्हणजे रक्ताच्याच. त्या वाहिनीची भिंत बनत नाहीत. रसायनं सोडून शेजारच्या वाहिन्यांना वाढायला मदत करतात.

खऱ्या पेशी उशिरा येतात, प्रौढांच्या रक्तातून साधारण दोन-तीन आठवड्यांनी. त्याही मोजक्याच: वीसेक मिलिलिटर रक्तातून एखाद-दोन वसाहती, कधी एकही नाही. त्या फरसबंदीसारख्या एकमेकींना चिकटून वाढतात. 2004 मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या इंग्रम आणि योडर यांनी त्यांची वाढीची ताकद मोजून दाखवली.

पण नुसत्या दिसण्यावर विसंबून चालत नाही. पेशीवर सीडी31 आणि सीडी144 ही प्रथिनं हवीत, रक्तपेशींच्या खुणा असलेली सीडी45 आणि सीडी14 नकोत. बदललेलं एलडीएल कोलेस्टेरॉल शोषणं ही पूर्वीची आवडती खूण, पण मोनोसाइटही ते शोषतात. उंदरात सोडल्यावर रक्त वाहणारी वाहिनी बनली, तर तो सर्वांत भक्कम पुरावा.

गैरसमज : नाळेचं रक्त बँकेत ठेवलं की पुढे वाहिन्यांची सोय झाली.
नाळेच्या रक्तात या पेशी जास्त असतात आणि लवकर वाढतात, हे खरं. त्यांपासून रुग्णासाठी वाहिन्या करण्याचा प्रस्थापित उपचार मात्र नाही.

गैरसमज : मधुमेही रुग्णाच्याच रक्तातून त्याचा पाय वाचवता येतो.
मधुमेहात याच पेशी कमी होतात आणि दुबळ्याही पडतात. भारतात 2020 मध्ये पायाच्या गंभीर रक्तपुरवठा-अभावासाठी स्टेमप्यूसेल या पेशी-उपचाराला मंजुरी मिळाली, पण त्यातल्या पेशी दात्याच्या अस्थिमज्जेतल्या, वेगळ्या जातीच्या आहेत.

कुणी रक्तातल्या पेशींचा उपचार सुचवला, तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीतला क्रमांक विचारा. प्रयोगाच्या खर्चासाठी रुग्णाकडून पैसे मागितले जात असतील, तर नकार द्या. आणि जखम काळी पडू लागली, तर एक दिवसही न थांबता रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे न्या.