लेकीच्या नावाची भिशी

आमच्या शिवाजी पेठेत भिशी घरोघरी चालते. पण उचललेली रक्कम सणावारात, पैपाहुण्यांत जाते आणि प्रवेशाच्या वेळी दागिना गहाण पडतो. म्हणून आम्ही सांगतो, भिशीच्या जोडीला पोस्टात लेकराच्या नावानं आरडी काढा. महिन्याला 100 रुपयांपासून, पाच वर्षांची. पाचवी संपताच 300 रुपये सुरू केले, तर अकरावीच्या प्रवेशाला मुद्दलच 18,000, वर व्याज!

मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल, तर सुकन्या समृद्धी खातं उघडा. वर्षाला किमान 250 रुपये भरायचे. दहावीनंतर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत शिल्लक काढता येते.

पासबुक मात्र पोरीलाच वाचायला द्या. तिचं नाव लिहिलेल्या पैशाला घरात सहसा कुणी हात लावत नाही.