चाळिशीनंतरचा आरसा

मराठीने वयाच्या एका टप्प्याला आणि त्या टप्प्यावर नाकावर येऊन बसणाऱ्या वस्तूला एकच नाव दिले आहे, 'चाळिशी'. 'त्यांना चाळिशी लागली' म्हटले की वर्तमानपत्र हात लांब करून वाचणारे गृहस्थ डोळ्यांसमोर उभे राहतात. वास्तविक डोळ्यातील भिंगाची लवचिकता बालपणापासूनच हळूहळू कमी होत असते. चाळिशीच्या आसपास ती इतकी घटते की जवळची अक्षरे धूसर दिसू लागतात, एवढेच. गंमत अशी, की डोळ्यांची ही चाळिशी आपण निमूटपणे स्वीकारतो, चष्म्याची चौकट हौसेने निवडतो. केसांची, कातडीची आणि कमरेची चाळिशी मात्र मनाला लागते.

ती लागण्याचे कारण बहुतेकदा एखादे वाक्य असते. लग्नसमारंभात जुनी मैत्रीण भेटते आणि 'अगं, मी ओळखलेच नाही तुला!' म्हणते. बसमध्ये एखादा तरुण उठून 'काका, बसा' म्हणतो. हळदीकुंकवाला आलेली शेजारीण 'तब्येत बरी आहे ना हो? चेहरा किती उतरलाय!' अशी आपुलकीने चौकशी करते. बोलणाऱ्याच्या मनात काही वावगे नसते, पण ऐकणारा घरी येऊन आरशासमोर उभा राहतो. पुढे छायाचित्रात मागच्या रांगेत उभे राहणे, समारंभ टाळणे, कार्यालयातील बैठकीत तरुण सहकाऱ्यांपुढे बोलताना अडखळणे असे बदल नकळत होऊ लागतात. स्त्रियांविषयी हे पुष्कळ लिहिले जाते. टक्कल पडू लागलेला किंवा पोट सुटलेला पुरुष याच अवस्थेतून जात असतो, फक्त तो त्यावर विनोद करतो आणि विषय संपवतो.

या काळात शरीरात घडते काय, हे नीट समजले तर निम्मी धास्ती कमी होते. केसाच्या मुळाशी रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात, त्यांचा साठा वयानुसार संपत जातो. उगवलेला काळा केस मुळापासून पांढरा होत नाही. तो गळून जातो आणि त्याच्या जागी नवा केस रंगाविना उगवतो. हे केव्हा सुरू होणार हे मुख्यतः आनुवंशिकतेवर ठरते. धूम्रपान, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि थायरॉइडचे विकार यांमुळे ते लवकर होऊ शकते. शाकाहारी कुटुंबांत ब-१२ची कमतरता सर्रास आढळते, हे येथे लक्षात ठेवावे.

स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीच्या काळात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण घसरते. भारतीय स्त्रियांमध्ये हा टप्पा सरासरी ४६-४७व्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधीच येतो. त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजन हे प्रथिन त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत झपाट्याने कमी होते, त्वचा कोरडी आणि पातळ होते. नितंब आणि मांड्यांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते. 'काही जास्त खात नाही, तरी पोट वाढतेय' ही तक्रार म्हणूनच खोटी नसते. शिवाय तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे साधारण ३ ते ८ टक्के वजन घटत जाते. त्यामुळे वजनकाट्यावरचा आकडा तोच राहिला तरी शरीराची ठेवण बदलते.

परंतु चेहऱ्यावर दिसते ते सारे वयाचे देणे नसते. त्यातील बराच वाटा उन्हाचा असतो. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१२ मध्ये ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध केले होते. या गृहस्थांनी २८ वर्षे मालवाहू गाडी चालवली होती. खिडकीकडची त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी वृद्ध दिसत होती. अतिनील किरणांपैकी 'ए' प्रकारचे किरण काचेतूनही आत येतात, त्याचा हा परिणाम. (आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा आपल्या वाहनचालकांनी उजवा गाल आरशात पाहावा!) ऑस्ट्रेलियात ५५ वर्षांखालील सुमारे ९०० लोकांवर केलेला एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज नियमाने सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेत साडेचार वर्षांत इतरांपेक्षा २४ टक्के कमी वार्धक्यखुणा आढळल्या. आपल्या सावळ्या त्वचेवर सुरकुत्या तुलनेने उशिरा येतात, वांग आणि डाग मात्र आधी येतात. त्यावर सनस्क्रीन, छत्री आणि साडीचा पदर यांचा उपयोग कोणत्याही महागड्या मलमाहून अधिक आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

आणि इथेच खरा धोका सुरू होतो. गालावर वांग आला की स्त्री सहसा त्वचारोगतज्ज्ञाकडे जात नाही. ती शेजारणीला विचारते, ब्यूटी पार्लरमध्ये विचारते किंवा थेट औषधाच्या दुकानातून एखादी ट्यूब आणते. अशा कित्येक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा उजळतो, मैत्रिणी कौतुक करतात. मग त्वचा पातळ आणि लालसर होते, मुरुमे येतात, नको तिथे लव वाढते; आणि मलम थांबवले की सगळे दुप्पट जोमाने उसळते, म्हणून पुन्हा तेच मलम लावले जाते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या प्रकाराविरुद्ध बराच काळ मोहीम चालवली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. नियम झाला, तरी 'ती पिवळी ट्यूब द्या' म्हणणारे ग्राहक आणि ती देणारे दुकानदार अजूनही भेटतात. याहून घातक म्हणजे नाव-गाव नसलेली, गोरेपणाचे वचन देणारी मलमे. त्यांपैकी काहींत पारा सापडतो, आणि त्वचेतून शरीरात शिरलेला पारा मूत्रपिंडे निकामी करू शकतो. वेष्टनावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल तर ती डबी घरात आणू नये.

कलपाची गोष्ट त्या मानाने सौम्य, पण सांगायला हवी. बहुतेक काळ्या कलपांत पीपीडी नावाचे रसायन असते. काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते आणि ती पहिल्या वापरात न येता वर्षानुवर्षे कलप लावल्यावर अचानक उद्भवू शकते. म्हणून दर वेळी कानामागे किंवा कोपराच्या आत थेंबभर लावून ४८ तास वाट पाहावी. 'काळी मेंदी' या नावाने विकली जाणारी पूडही पुष्कळदा पीपीडीमिश्रितच असते. अस्सल मेंदीचा रंग तांबूस येतो. कलप लावावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. चंदेरी केस अभिमानाने मिरवणाऱ्यांनी कलप लावणाऱ्यांना कमी लेखण्याचे काहीच कारण नाही.

पुरुषांना टक्कलावर दोन औषधे सुचवली जातात. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते डोक्याला लावल्यास फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि थांबवले की मिळालेले केस पुन्हा गळतात. फिनॅस्टेराइडच्या गोळीने काही जणांत कामेच्छा कमी होते किंवा मन खिन्न राहते. तिच्यामुळे प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडाही जवळपास निम्मा येतो, त्यामुळे तपासणीपूर्वी डॉक्टरांना ही गोळी सुरू असल्याचे सांगणे अत्यावश्यक आहे. लाजेपोटी नेमके हेच सांगायचे राहून जाते.

रूपाच्या काळजीत आपण नको तिथे लक्ष देतो आणि हवे तिथे देत नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे मान. मानेच्या मागच्या बाजूची किंवा काखेतील त्वचा काळी, जाडसर, मखमलीसारखी होते. लोक तिला मळ समजून उटणे, लिंबू, दगड यांनी घासत बसतात. प्रत्यक्षात ती अनेकदा शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नसल्याची खूण असते. तिथे साबण व्यर्थ; रक्तशर्करा तपासायला हवी. भुवयांची बाहेरची टोके विरळ होणे, चेहरा सुजल्यासारखा दिसणे आणि सतत थकवा यांमागे थायरॉइड असू शकते. मूठभर केस गळत असतील तर लोहाची कमतरता आहे का ते पाहावे लागते. कमरेचा घेर भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर तो प्रश्न कपड्यांच्या मापाचा राहत नाही, मधुमेह आणि हृदयविकाराचा होतो. एखादा तीळ अचानक वाढला, रंग बदलू लागला किंवा त्यातून रक्त आले तर विलंब करू नये. सुरकुत्या आणि पांढरे केस यांनी मात्र कुणाचे काही बिघडत नाही.

आता आत्मविश्वासाविषयी. दूरध्वनीवरील पुढच्या कॅमेऱ्याने काढलेले आपले छायाचित्र पाहून ज्यांना धक्का बसतो, त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अमेरिकी शल्यविशारदांनी २०१८ मध्ये गणिताने दाखवून दिले, की बारा इंचांवरून काढलेल्या छायाचित्रात नाक पाच फुटांवरून दिसते त्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसते. २०२०च्या टाळेबंदीपासून दूरस्थ बैठकांमुळे अनेकांना दिवसाचे कित्येक तास स्वतःचाच चेहरा पाहावा लागू लागला. बैठकीत स्वतःची चौकट झाकून ठेवण्याची सोय असते, ती खुशाल वापरावी.

'लोक बघतात' ही भीतीही तपासून पाहिली गेली आहे. कॉर्नेल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना ओशाळवाणे चित्र असलेला शर्ट घालून खोलीत पाठवले. निम्म्या लोकांच्या तरी तो ध्यानात आला असेल, असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात जेमतेम चौथ्या हिश्शाने ते चित्र ओळखले. लोक स्वतःच्याच पोटाच्या चिंतेत असतात.

येल विद्यापीठातील बेक्का लेव्ही यांनी २००२ मध्ये पन्नाशीपुढील ६६० जणांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतःच्या वाढत्या वयाकडे अनुकूल दृष्टीने पाहणारे लोक इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगल्याचे त्यांना आढळले. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही, हे खरे. पण 'आता आमचे काय राहिले!' हे आपल्याकडचे आवडते पालुपद निरुपद्रवी नसावे, इतके तरी त्यातून दिसते.

ज्यांना काही ठोस करायचे आहे त्यांनी स्नायूंपासून सुरुवात करावी. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोस्टनमधील एका वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला गेला. त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक वाढली. मग पंचेचाळिशीतल्या माणसाची का वाढू नये? आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, भिंतीला टेकून जोर, भरलेली पिशवी उचलणे एवढ्याने आरंभ करता येतो. पाठ ताठ होते, जिना चढताना धाप लागत नाही आणि ज्या शरीराला आपण इतके दिवस केवळ पाहत होतो, त्याचा उपयोग पुन्हा होऊ लागतो. मात्र रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघ्यांचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

एक इशारा मात्र द्यायला हवा. रजोनिवृत्तीच्या आधीच्या आणि लगतच्या काळात स्त्रियांमध्ये नैराश्याचे प्रमाण वाढते. रूपाची खंत ही कधी कधी त्या नैराश्याचाच दिसणारा भाग असते. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप उडणे, कशातच रस न वाटणे असे होत असेल, तर सौंदर्योपचारांऐवजी मनाचा उपचार घ्यावा. पुरुषांनाही हे लागू आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलीमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथे मराठीतूनही बोलता येते.