मातीच्या भिंतीवरून कलादालनात

चामोर्शी - कुडाच्या भिंती, कवेलूचे छप्पर आणि शेणामातीने सारवलेला ओटा हे गडचिरोली जिल्ह्यातील जुन्या घरांचे ओळखीचे रूप. घरकुल योजनांमुळे त्यांची जागा आता विटा-सिमेंटची घरे घेत आहेत. पावसापासून आणि वाळवीपासून कुटुंबांची सुटका होत असल्याने हा बदल स्वागतार्हच आहे. मात्र, भारतीय समकालीन कलेतील दोन महत्त्वाचे प्रवाह अशाच सारवलेल्या भिंतींवर जन्माला आले, याची जाणीव ठेवणे आवश्यक आहे.

देवचौकातून कागदावर
डहाणू-जव्हार परिसरातील वारली घरांत लग्नाच्या वेळी सुवासिनी आतल्या भिंतीवर देवचौक रेखाटतात. गेरू वा शेणाने सारवलेली भिंत, पाण्यात कालवलेले तांदळाचे पीठ आणि ठेचलेली बांबूची काडी एवढेच त्याचे साहित्य. चौकात पालघट देवीची स्थापना होते. ही कला विधीची असल्याने ती प्रामुख्याने स्त्रियांकडेच होती. 1970 च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ती कागदावर आली आणि जिव्या सोमा म्हसे यांनी तिला स्वतंत्र चित्राचे रूप दिले. म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये त्यांचे निधन झाले.

पाटणगड ते पॅरिस
गोंड चित्रकलेची वाटचालही अशीच आहे. मध्य प्रदेशातील पाटणगड परिसरात स्त्रिया घराच्या भिंतींवर व जमिनीवर रंगीत मातीने 'डिगना' काढतात. त्याच गावातील परधान समाजाचे जनगढसिंह श्याम यांची भित्तिचित्रे चित्रकार जे. स्वामिनाथन यांच्या भोपाळमधील भारत भवनाच्या पथकाच्या दृष्टीस पडली. पुढे 1989 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे झळकली. भोपाळच्या विधान भवनाच्या भिंतीही त्यांनी रंगविल्या. 2001 मध्ये जपानमधील एका संग्रहालयात वास्तव्यास असताना त्यांचा अकाली अंत झाला. त्यांची शैली आज 'जनगढ कलम' म्हणून ओळखली जाते.

काय मिळाले, काय हरवले?
भिंतीवरचे चित्र पुढच्या सारवणाबरोबर पुसले जाई. दरवर्षी नव्याने काढणे हाच त्याचा धर्म होता. कॅनव्हासवर ते टिकाऊ झाले, त्याला किंमत आली आणि खाली चित्रकाराची सही आली. आदिवासी कुटुंबांना त्यातून उत्पन्नाचे साधन मिळाले. परंतु, पिढ्यान्‌पिढ्या भिंती रंगविणाऱ्या स्त्रियांची नावे कोठेही नोंदली गेली नाहीत.

सिमेंटच्या भिंतीवरही चित्र काढता येते. अनेक गावांत ऍक्रेलिक रंगांनी ते काढले जाते. प्रश्न केवळ भिंतीचा नाही. सारवण थांबले की माती निवडण्याचे, कालवण्याचे आणि हाताने लिंपण्याचे ज्ञान पुढच्या पिढीकडे जात नाही. नवे घर उभारताना एखादी भिंत तरी मातीची राखली आणि जुन्या जाणत्या स्त्रियांकडून ही कला शिकून घेतली, तर पक्क्या घरातही ती नांदू शकेल.