बर्फात खेळणारा पीटर आणि थंडीतली आपली मुले

डिसेंबर उजाडला की मावळात थंडी पडू लागते. भात झोडून झालेला असतो, खळ्याशेजारी पेंढ्याच्या गंजी उभ्या असतात आणि सकाळी शाळेला निघालेल्या पोरांच्या तोंडातून वाफा निघतात. याच दिवसांत शनिवार-रविवारी लोणावळ्याला पर्यटकांची गर्दी होते. त्यांची मुले रंगीत स्वेटर-टोप्या घालून बागडतात, आणि त्याच वेळी आपल्यापैकी कित्येक भगिनी बंगल्यांतली भांडी घासत असतात. आपल्या मुलांच्या कानी थंडीत दोनच वाक्ये पडतात. एक, 'बाहेर जाऊ नकोस, सर्दी होईल' आणि दुसरे, 'रिकामा हिंडतोस कशाला, अभ्यास कर'. 'जा, खेळून ये' असे आपण क्वचितच म्हणतो.

खेळ हाही अभ्यासच असतो, हे समजावून सांगणारे एक चित्रपुस्तक आहे. अमेरिकेत १९६२ साली निघालेल्या या पुस्तकाचे नाव 'द स्नोई डे', म्हणजे बर्फाचा दिवस. त्याचे लेखक आणि चित्रकार एझ्रा जॅक कीट्स. गोष्ट अगदी साधी आहे. पीटर नावाचा लहान मुलगा सकाळी उठतो, तो खिडकीबाहेर सगळीकडे बर्फ! लाल कपडे चढवून तो बाहेर जातो, बर्फात पावलांचे ठसे उमटवतो, काठीने झाड हलवून डोक्यावर बर्फ पाडून घेतो, घसरगुंडी खेळतो. घरी परतताना उद्यासाठी म्हणून बर्फाचा एक गोळा खिशात ठेवतो. आई ओले मोजे काढते, आंघोळ होते. झोपण्यापूर्वी पीटर खिसा तपासतो तर तो रिकामा! पीटर हिरमुसतो. पण सकाळी पुन्हा बर्फ पडत असतो आणि तो समोरच्या घरातल्या मित्राला हाक मारून बाहेर पडतो.

एवढ्याशा गोष्टीत विशेष ते काय, असे कोणी विचारील. विशेष हे की पीटर काळा आहे. त्या काळी अमेरिकेतल्या बालपुस्तकांत काळे मूल जवळजवळ दिसतच नसे. नॅन्सी लॅरिक या बाईंनी १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतली ५,२०६ बालपुस्तके तपासली. त्यांतल्या फक्त ३४९ पुस्तकांत एखादी तरी काळी व्यक्ती होती. शंभरात सातही नाहीत! पीटरच्या पुस्तकात मात्र कोणी त्याची कीव करत नाही, कोणी त्याला उपदेशही करत नाही. तो फक्त खेळतो. माणूस म्हणून ताठ उभे राहण्याची सुरुवात अशीच होते.

हे पुस्तक लिहिणारा माणूसही कष्टकऱ्याच्याच घरचा. कीट्स १९१६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जन्मले. आईवडील पोलंडहून आलेले गरीब ज्यू. वडील कॉफीच्या हॉटेलात वेटर होते. चित्रे काढून पोट भरत नाही, असे ते मुलाला तोंडावर बजावत. पण घरी येताना रंगाच्या नळ्या आणत आणि एका उपाशी चित्रकाराने सूपच्या बदल्यात दिल्या म्हणून सांगत. वडील वारले तेव्हा त्यांच्या पाकिटात मुलाच्या बक्षिसांच्या बातम्यांची जुनी कात्रणे निघाली. आपल्या किती घरांतले वडील असेच आहेत! पुढे ज्यूंविषयीच्या द्वेषामुळे कीट्स यांना आपले नावही बदलावे लागले. १९४० साली त्यांनी एका मासिकातून एका लहान काळ्या मुलाची छायाचित्रे कापून ठेवली होती. वीस वर्षांनंतर त्याच चेहऱ्यावरून पीटर घडला. १९६३ साली या पुस्तकाला चित्रपुस्तकांसाठीचे कॅल्डेकॉट पदक मिळाले. आणि २०२० साली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने जाहीर केले, की त्यांच्या १२५ वर्षांच्या इतिहासात सर्वाधिक वेळा घरी नेले गेलेले पुस्तक हेच.

आमच्या वस्तीतल्या रविवारच्या वर्गात हे पुस्तक आम्ही पहिली-दुसरीच्या मुलांपुढे ठेवले. इंग्रजी वाचून दाखविले नाही, चित्रे दाखवून मराठीत गोष्ट सांगितली. बर्फ कोणाला पिठासारखा वाटला, कोणाला पिंजलेल्या कापसासारखा. मग एका मुलीने हळूच विचारले, ''हा आपल्यासारखाच काळा आहे का?'' आम्ही ''हो'' म्हटले. ती पुढे सरकून बसली. नंतर चित्रे काढायला दिली, तर मुलांचे हात सवयीने गुलाबीसर खडूकडे गेले. त्या खडूला ती 'स्किन कलर' म्हणतात. ही कातडी कोणाची, असे आम्ही विचारताच ती एकमेकांचे हात पाहू लागली, आणि तपकिरी खडूसाठी ओढाताण सुरू झाली. पुढे वाचनात आले, की एका शिक्षिकेने कीट्स यांनाही असेच कळविले होते. त्यांचे पुस्तक पाहिल्यावर तिच्या वर्गातली मुले पहिल्यांदाच स्वतःचे चित्र तपकिरी खडूने काढू लागली होती.

मातांनी आणि पालकांनी घरी हा प्रयोग जरूर करावा. त्याला पदवी लागत नाही. आधी मुलाला चित्रे मनसोक्त पाहू द्यावीत. 'काय दिसते? पुढे काय होईल?' असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा चित्रावरून गोष्ट सांगू शकते. खिशातला गोळा कुठे गेला, हे लगेच सांगू नये. बर्फाचा खडा वाटीत ठेवून मुलाला पाहू द्यावे. मग आपल्याकडे बर्फ का पडत नाही, हा प्रश्न आपोआप येतो. पाणी शून्य अंशाला गोठते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास उंच असले तरी इथली थंडी तेवढी उतरत नाही. म्हणून आपल्याकडे दंव पडते, आणि बर्फासाठी काश्मीर-हिमाचलात जावे लागते.

बर्फ नाही म्हणून आपली थंडी रिकामी नाही. दंवाने भिजलेल्या गवतात पावलांचे ठसे उमटतात. हरभऱ्याच्या पाल्यावरची आंब बोटाने चाखता येते. पेंढ्यात उड्या, लगोरी, विटीदांडू, संध्याकाळी शेकोटी आणि शेकोटीत भाजलेला हावळा! हे सगळे मुलांकडून चित्रांत उतरवून घ्यावे. कीट्स यांनी कागदाचे आणि कापडाचे तुकडे चिकटवून चित्रे केली, टूथब्रशने शाई उडवून ठिपके पाडले. शिंप्याकडच्या चिंध्या, जुनी वर्तमानपत्रे, झिजलेला ब्रश आणि घरची खळ एवढ्या साहित्यात आपल्या मुलाचे पहिले पुस्तक तयार होते. नायक तोच, गाव मावळातले.

एक गोष्ट मात्र विसरू नये. पीटरकडे लाल गरम कपडे होते. वर्गातल्या ज्या मुलाकडे स्वेटर नाही, त्याला थंडी म्हणजे खेळ वाटणार नाही. म्हणून पुस्तक उघडण्याआधी कोण कुडकुडत आहे ते पाहावे, आणि वस्तीत लहान झालेले स्वेटर गोळा करून गाजावाजा न करता द्यावेत.

मराठीतही चांगली चित्रपुस्तके आहेत. माधुरी पुरंदरे यांची पुस्तके ग्रंथालयात मागावीत. प्रथम बुक्स संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मोबाईलवर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक शाळेत गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय आणि खेळाचे साहित्य असलेच पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक बहुसंख्येने असतात. पुढच्या बैठकीला जाऊन विचारावे : पुस्तके कपाटात आहेत की मुलांच्या हातात? कुलूप असेल तर किल्ली मागावी. ती मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.