ऑटिझमचं संशोधन: शाबासकी नेमकी कशाला?

उत्कृष्ट संशोधनाचा गौरव करायचा म्हटलं की निवड समितीची नजर आधी प्रयोगशाळेकडे वळते. ऑटिझमच्या बाबतीत तिला जरा जास्त हिंडावं लागेल, आणि त्यासाठी बेंगळुरू हे चांगलं गाव आहे.

गैरसमज: खरं संशोधन प्रयोगशाळेतच होतं.

प्रयोगशाळा हव्यातच. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन केंद्रात सुमंत्र चटर्जी यांनी ‘फ्रॅजाइल एक्स’वर मूलभूत काम केलं. या आनुवंशिक विकारात एकच जनुक बिघडतं आणि अनेकांमध्ये ऑटिझमही आढळतो. पण उंदरापासून माणसापर्यंतची वाट निसरडी. याच विकारावरचं मावोग्लुरंट हे औषध प्राण्यांमध्ये आशादायक ठरलं होतं; माणसांवरच्या चाचण्यांत ते टिकलं नाही, आणि 2014 मध्ये नोव्हार्टिसनं तो कार्यक्रम थांबवला.

त्याच शहरात वाचा-भाषातज्ज्ञ प्रतिभा कारंत यांनी 2000 साली ‘कॉम डील’ सुरू केलं. शाळेत जाण्याआधीच्या वयातल्या मुलांच्या बोलण्यावर, हालचालींवर, वागण्यावर एकत्र काम करायचं आणि त्यांना नेहमीच्या शाळेत जाण्याजोगं तयार करायचं, असा त्याचा हेतू. भारतीय मुलांसाठी विकासाच्या तपासणी-याद्याही तिथेच तयार झाल्या. हेही संशोधनच; याचं यश शाळेच्या पटावर दिसतं, इतकंच.

गैरसमज: बड्या तज्ज्ञाशिवाय काहीच होत नाही.

गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेनं आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या संशोधकांनी मिळून ‘पास’ नावाची चाचणी केली. (दोन्ही देश एकाच संघातून खेळल्याचं हे दुर्मीळ उदाहरण.) दोन ते नऊ वर्षांची 65 मुलं त्यात होती. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना त्यांच्याच खेळाचं चित्रीकरण दाखवून मुलाचे इशारे ओळखायला शिकवलं. 2016 मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त निष्कर्ष आले: पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुलं आपणहून संवाद अधिक साधू लागली. पालक आणि मूल दोघांनी एकाच गोष्टीकडे मिळून लक्ष देण्याचा वेळ मात्र घटला, आणि तेही अहवालात स्पष्ट छापलं. माझ्या मते बक्षीस या प्रामाणिकपणालाही मिळायला हवं.

गैरसमज: ऑटिस्टिक व्यक्तींनी फक्त तपासून घ्यायचं.

संवादातली अडचण दोन्ही बाजूंची असते, हा विचार 2012 मध्ये डेमियन मिल्टन यांनी मांडला. ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. पुढे 2020 मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांना दिसलं, की ऑटिस्टिक माणसं एकमेकांना माहिती इतरांइतकीच नीट पोचवतात. गळती होते ती मिश्र गटांत. प्रश्न ठरवतानाच त्यांना सोबत घेतलं, तर असे शोध लागतात.

गैरसमज: ऑटिझम म्हणजे संगणकातली अफाट बुद्धी.

एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीच्या बेंगळुरूतल्या एसएपी लॅब्जनं सहा ऑटिस्टिक व्यक्तींना सॉफ्टवेअर तपासणीसाठी घेतलं. कंपनीनं 2013 मध्ये असा कार्यक्रम जगभर जाहीर केला. उपक्रम चांगलाच. पण न बोलणाऱ्या, दिवसभर आधार लागणाऱ्या माणसांचं काय? छायाचित्रात शोभणाऱ्या कहाण्यांना पुरस्कार लवकर मिळतात.

तेव्हा मुलासाठी केंद्र निवडताना भिंतीवरची सन्मानचिन्हं मोजू नका. इथून गेलेली मुलं आज काय करतात आणि कार्यक्रम आखताना कोणा ऑटिस्टिक व्यक्तीला विचारलं होतं का, हे दोन प्रश्न जरूर विचारा.