गोबर गॅसच्या शेगडीची ज्योत एकसारखी का राहत नाही?

गोबर गॅसचे संयंत्र बांधून होते, काही महिने स्वयंपाक उत्तम चालतो आणि पुढे ज्योत कमीजास्त होऊ लागते. घरातील मंडळी कंटाळून पुन्हा लाकूडफाट्याकडे वळतात, शेण कालवून घालण्याचे काम मागे पडते आणि संयंत्र बंद पडते. वास्तविक अशा प्रसंगी दोष पुष्कळदा खड्ड्यात नसून नळीत अथवा शेगडीत असतो, व तो घरच्या घरी दूर करता येतो.

प्रथम ज्योतीचे निरीक्षण करावे. निर्दोष ज्योत निळी, आखूड व सर्व छिद्रांवर सारख्या उंचीची असते.

ज्योत क्षणात उसळते व क्षणात बसते, अशी तक्रार असल्यास नळीत पाणी साचले आहे असे समजावे. संयंत्रातून निघणारा गॅस उबदार व बाष्पयुक्त असतो. नळी रात्री थंड झाली म्हणजे त्या बाष्पाचे पाणी होते आणि नळी जेथे खाली झुकली असेल तेथे ते साठते. गॅस त्या पाण्यातून बुडबुड्यांनी वाट काढतो, म्हणून ज्योत धडधडते. हिवाळ्याच्या सकाळी हा अनुभव विशेष येतो. याकरिता नळीस दर 100 फुटांमागे निदान 1 फूट उतार, संयंत्राकडे किंवा पाणी काढण्याच्या तोटीकडे, द्यावा. विस्तव विझवून ही तोटी उघडावी. पाणी संपून गॅसचा फुसफुस आवाज येताच ती बंद करावी. नळी बांबूच्या दोन टेकूंमध्ये लोंबकळत ठेवून वर तोटीही न बसविणे, ही सर्रास आढळणारी चूक होय. कार्यकर्त्यांनी संयंत्र पाहण्यास गेल्यावर खड्ड्याआधी नळी पाहावी.

ज्योत एकाच बाजूस मोठी असेल तर उतू गेलेले दूध, डाळ वा गंज यांनी बर्नरची छिद्रे बुजली असतील. टोपी काढून ती तारेच्या ब्रशाने घासावी, धुवावी, पूर्ण वाळवावी व नीट बसवावी. छिद्रे खिळ्याने मोठी करू नयेत.

ज्योत लांब व पिवळी होऊन भांड्यास काजळी धरू लागली, तर हवा अपुरी पडते आहे. गोबर गॅसमध्ये मिथेन सुमारे 55 ते 65 टक्के असतो, उरलेला भाग मुख्यतः कर्बद्विप्राणिल वायूचा. असा गॅस पूर्ण जळण्यास त्याच्या साधारण पावणेसहा पट हवा लागते. हवेची झडप थोडी उघडून पाहावी. मिश्रणनळीत कोळ्याने घर केले नाही ना, तेही पाहावे. उलट ज्योत छिद्रांपासून सुटून वर फडफडत असेल तर हवा किंवा दाब अधिक झाला आहे.

सिलिंडरच्या गॅसची शेगडी तशीच जोडणाऱ्यांस ज्योत मिळत नाही, यात नवल नाही. त्या शेगडीचे जेट अतिशय बारीक असून ते सुमारे 30 सेंटिमीटर पाण्याच्या दाबासाठी केलेले असते. तरंगत्या टाकीचा दाब याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका असतो. गोबर गॅससाठीच बनविलेली शेगडी घ्यावी, हे बरे.

टाकी तिरकी होऊन अडकली तरी दाब बिघडतो. दीनबंधू पद्धतीच्या स्थिर घुमटाच्या संयंत्रात मात्र गॅस खर्च होईल तसा दाब उतरतच जातो. तेथे ज्योत हळूहळू लहान होणे हा बिघाड नव्हे.

सडक्या अंड्यासारखा वास आला तर नळीचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत. जेथे फेस फुगेल तेथे गळती आहे. काडी ओढून गळती शोधू नये. हवेत 5 ते 15 टक्के मिथेन मिसळला असता त्याचा स्फोट होतो. दारे-खिडक्या उघडून, संयंत्राजवळील मुख्य तोटी बंद करून मगच सांधा दुरुस्त करावा.