घरच्या घरी अभिजात मराठी नाटक: आवाज, वेळ आणि निवड

पाठाची उद्दिष्टे

हे टिपण वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी जमायला हव्यात.
१. नाटकातले संवाद घरी अस्पष्ट का ऐकू येतात हे सांगता येणे आणि त्यावर उपाय करता येणे.
२. मोठे नाटक घरच्या वेळापत्रकात बसवता येणे.
३. घरातल्या माणसांची वये आणि परिस्थिती पाहून नाटकांचा क्रम ठरवता येणे.

१. प्रश्न काय आहे?

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांत मुलांची मराठी हळूहळू स्वयंपाकघरापुरती उरते. ‘जेवायला ये’, ‘दिवा घालव’, ‘आजोबांना विचार’ एवढी वाक्ये टिकतात. रागावणे, विनवणे, टोमणा मारणे, वाद घालणे यासाठी लागणारी भाषा मात्र कानावरच पडत नाही. नाटक ही सगळी भाषा एका बैठकीत देते, तेही माणसांच्या तोंडून. म्हणून घरी नाटक पाहणे ही केवळ करमणूक नाही.

आमचे घर बेंगळुरूच्या शिवाजीनगरात आहे. आमचा पहिला प्रयोग फसला, आणि तो कसा फसला यातूनच हा पाठ तयार झाला. एका रविवारी रात्री आम्ही उत्साहाने ‘नटसम्राट’चे चित्रीकरण लावले. पहिल्या अर्ध्या तासात वडिलांनी सात-आठ वेळा विचारले, ‘काय म्हणाला?’ मी आवाज वाढवला, तसा मुलीने कानांवर हात ठेवला. पुढे आप्पा बेलवलकर आपले सर्वस्व मुलांना देऊन टाकतात, त्यानंतर थोड्या वेळाने वडील ‘डोळे दुखतायत’ म्हणून उठले आणि आत गेले. सांगलीचे घर विकून ते आमच्याकडे आले त्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते.

यात दोन चुका होत्या. पहिली तांत्रिक, म्हणजे आवाजाची. दुसरी निवडीची. दोन्ही टाळता येण्यासारख्या होत्या.

२. थोडी पार्श्वभूमी

कर्नाटकात राहणाऱ्या मराठी मुलांना ही पार्श्वभूमी जरूर सांगा. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती. त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म झाला. त्यांनी पुण्यात उर्दू ‘इंद्रसभा’ पाहिले, आणि १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. मराठी संगीत नाटकाचे युग तिथून सुरू झाले. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले. किर्लोस्करांच्या पदांमध्ये कीर्तन, लावणी यांच्या जोडीने कर्नाटकी चालीही आहेत.

म्हणजे मराठी नाटकाच्या मुळाशी कन्नड मुलूख आहे आणि उर्दू रंगभूमीही आहे. जी मुले शाळेत कन्नड शिकतात आणि रसेल मार्केटात दखनी ऐकतात, त्यांच्यासाठी हे नाटक परके नाही. हे एकदा सांगितले की ‘तुमचं जुनं काहीतरी’ हा सूर थोडा कमी होतो.

३. आवाज: संवाद का कळत नाहीत?

हा भाग नीट वाचा. घरी नाटक कंटाळवाणे वाटते त्याचे सर्वांत मोठे कारण बहुतेक वेळा नाटक नसते, आवाज असतो.

(अ) स्वर आणि व्यंजने. बोलण्यातली बरीचशी ताकद स्वरांत असते, आणि ती खालच्या कंप्रतेत असते. शब्द ओळखायला मात्र व्यंजने लागतात. स, श, त, फ यांसारख्या व्यंजनांचा महत्त्वाचा भाग साधारण २००० हर्ट्झच्या वर असतो आणि तो मुळातच क्षीण असतो. वयाबरोबर कानाची संवेदनक्षमता आधी याच वरच्या कंप्रतांना कमी होते. म्हणून वयस्क माणसाला कोणीतरी बोलते आहे हे ऐकू येते, पण काय बोलते आहे ते कळत नाही. अशा वेळी नुसता आवाज वाढवला तर स्वर अधिक दणदणीत होतात, व्यंजने मागेच राहतात आणि बाकीच्यांचे कान किटतात.

उपाय: बेस कमी करा, ट्रेबल थोडा वाढवा. दूरदर्शन संचात संवादासाठी वेगळी सोय असेल तर ती वापरा. सिनेमासाठी किंवा संगीतासाठी दिलेली सोय नाटकाला सहसा मारक ठरते.

(आ) प्रतिध्वनी. आपल्या खोल्यांत फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असतात. आवाज त्यांवर आपटून पुन्हा पुन्हा येतो आणि एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर चढते. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर झणझण ऐकू आली तर संवादही तसेच पसरणार.

उपाय: जमिनीवर सतरंजी किंवा गोधडी अंथरा, जाड पडदे ओढा, संचासमोरच्या भिंतीलगत गाद्या-उशा ठेवा. पुस्तकांचे भरलेले कपाटही उपयोगी पडते, कारण त्याचा पृष्ठभाग सपाट नसतो.

(इ) अंतर. मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचे अंतर निम्मे केले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. खोलीत भिंतींचे परावर्तन मिसळते, तरी थेट आवाजाचे प्रमाण वाढण्याचा फायदा मिळतोच.

उपाय: आजी-आजोबांची खुर्ची संचाजवळ आणा. त्याहून चांगले म्हणजे छोटा ध्वनिवर्धक वायर जोडून त्यांच्या शेजारी ठेवा. ब्लूटूथ वापरत असाल तर आवाज किंचित उशिरा पोहोचू शकतो, मग ओठ आणि शब्द जुळत नाहीत. ज्यांना कमी ऐकू येते ती माणसे नकळत ओठ वाचत असतात, म्हणून ही तफावत त्यांना जास्त जाचते.

(ई) मूळ ध्वनिमुद्रण. काही चित्रीकरणांत एकच मायक्रोफोन प्रेक्षागृहात मागे ठेवलेला असतो. त्यात सभागृहाचा प्रतिध्वनी आधीच मुरलेला असतो आणि तो घरी काढता येत नाही. म्हणून नाटक निवडताना आधी पाच मिनिटे हेडफोन लावून ऐका. तुम्हालाच दोनदा मागे जावे लागले तर ते चित्रीकरण सोडून दुसरे शोधा.

(उ) बाहेरचा गोंगाट. शिवाजीनगरात बसस्थानक आणि बाजार जवळ. संध्याकाळी सहा ते साडेआठ हॉर्न थांबत नाहीत. आम्ही आता नऊनंतर बसतो आणि रस्त्याकडची खिडकी लावून घेतो. सप्टेंबरात सेंट मेरी बॅसिलिकाच्या उत्सवाचे दिवस असले की नाटक ठेवतच नाही, सरळ उत्सव पाहायला जातो. तुमच्या वस्तीची शांत वेळ कोणती, हे एक-दोन दिवस लक्ष देऊन ठरवा.

४. वेळ: नाटक अंकांत का कापावे?

संगीत नाटकांचे प्रयोग पूर्वी रात्र रात्र चालत. पदाला वन्समोअर मिळाला की गायक-नट ते पुन्हा गात. त्या प्रेक्षकाला घाई नव्हती. तुमच्या मुलीची मात्र सकाळी साडेसातला शाळेची बस असते.

येथे नाटकाची रचनाच मदतीला येते. अंक हे सोयीसाठी पाडलेले तुकडे नाहीत. प्रत्येक अंकाच्या शेवटी काहीतरी अडते किंवा उलटते, आणि प्रेक्षकाने पुन्हा जागेवर यावे अशी ती योजना असते. त्यामुळे एका रात्री एक अंक पाहिला तर नाटक बिघडत नाही. मात्र अंकाच्या मध्येच थांबू नका. आणि दोन अंकांत तीन दिवसांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका, नाहीतर पात्रांची नावे विसरतात.

दुसऱ्या दिवशी सुरू करण्यापूर्वी मागच्या अंकात काय झाले ते घरातल्या सर्वांत लहान माणसाला सांगायला लावा. त्याच्या सांगण्यात काय निसटले ते बाकीच्यांनी भरावे. मराठीत सलग पाच मिनिटे बोलण्याचा हा चांगला सराव आहे.

५. निवड: कोणते नाटक कोणासाठी?

पहिले नाटक म्हणून ‘संशयकल्लोळ’ घ्या. गो. ब. देवल यांच्या या नाटकाचे मूळ मोलिएरच्या प्रहसनापर्यंत जाते. आधी ते ‘फाल्गुनराव’ या नावाने गद्यात होते, १९१६ मध्ये संगीत झाले. एका तसबिरीवरून सुरू झालेला संशयाचा घोटाळा दहा वर्षांच्या मुलालाही समजतो.

दुसरे ‘सौभद्र’. त्याबद्दल पुढे सविस्तर.

तिसरे ‘शारदा’. देवलांचे हे नाटक १८९९ चे. पैशासाठी मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणाऱ्या बापाची ही गोष्ट आहे. येथे एक गैरसमज दूर करा. बालविवाहाला आळा घालणारा १९२९ चा ‘सारडा कायदा’ हरविलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. त्याचे नाव या नाटकावरून पडलेले नाही.

चौथे ‘कट्यार काळजात घुसली’, १९६७. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकी, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. खाँसाहेबांच्या बोलण्यातली उर्दू वळणे आमच्या मुलीला आमच्याआधी कळली, कारण खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीच्या घरी ती रोज तशीच बोली ऐकते. २०१५ चा चित्रपट पाहिला असेल तर कथानकात काय बदलले ते शोधायला सांगा.

‘एकच प्याला’ आणि ‘नटसम्राट’ नंतरसाठी ठेवा. ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये, गडकऱ्यांच्या निधनानंतर रंगभूमीवर आले. ज्या घरात दारूने कोणाचे काही बिघडले आहे, तिथे आधी मोठ्यांनी आपसात बोलून मगच ते लावावे. ‘नटसम्राट’ १९७० चे, वि. वा. शिरवाडकरांचे. त्यात शेक्सपिअरच्या किंग लिअरची सावली आहे. मुलाच्या घरी नुकत्याच राहायला आलेल्या माणसासमोर ते विचारल्याशिवाय लावू नये. नियम एवढाच: नाटकातली जखम आणि घरातली जखम एकच असेल, तर आधी विचारा.

६. नमुना: ‘सौभद्र’ पाच रात्रींत

कथा सोपी आहे. सुभद्रेचे मन अर्जुनावर, बलरामाला ती दुर्योधनाला द्यायची आहे, आणि कृष्ण वरवर काहीच न करता सगळे जुळवून आणतो. अर्जुन संन्यासी होऊन येतो आणि बलरामच त्याचा पाहुणचार करतो. प्रेक्षकाला माहीत आणि पात्राला नाही, या एका युक्तीवर बराच विनोद उभा आहे. नावे पौराणिक असली तरी भांडणे अगदी मराठी घरातली आहेत.

अंक पाच. म्हणून पाच रात्री. प्रत्येक अंकाआधी दहा मिनिटे त्यातला एक प्रवेश पुस्तकातून मोठ्याने वाचा. भूमिका वाटून घ्या. पदे गाता आली नाहीत तर गद्यासारखी वाचा, अर्थ कळणे महत्त्वाचे. मग तोच प्रवेश पडद्यावर पाहिला की मुले ऐकत नाहीत, तपासतात. आपण कुठे थांबलो, तो नट कुठे थांबला, याची तुलना आपोआप सुरू होते. वयस्कांनाही लाभ होतो. शब्द आधी माहीत असले की अर्धवट ऐकू आलेले वाक्य मेंदू पुरे करतो.

आमच्याकडे वडिलांनी बलराम वाचला. बेंगळुरूला आल्यापासून त्यांचा एवढा मोठा आवाज आम्ही ऐकला नव्हता. पुढच्या दिवाळीनंतर त्यांनीच ‘ते राहिलेलं लावा’ म्हणून ‘नटसम्राट’ मागितले. या वेळी शेवटपर्यंत बसले. नंतर बराच वेळ बोलले, नाटकाबद्दल थोडे आणि सांगलीच्या घराबद्दल जास्त. मुलीने मध्ये दोन शब्दांचे अर्थ विचारले, ते त्यांनी सांगितले.

७. सारांश

• आवाज वाढवण्याआधी स्वच्छ करा: बेस कमी, सतरंजी, पडदे, जवळची खुर्ची.
• एका रात्री एक अंक, आणि आधी मागची गोष्ट.
• विनोदी नाटकाने सुरुवात, जड विषय विचारून.
• पाहण्याआधी एक प्रवेश मोठ्याने वाचा.

स्वाध्याय

१. तुमच्या खोलीत सतरंजी अंथरण्याआधी आणि नंतर टाळी वाजवून फरक नोंदवा. कारण तीन वाक्यांत लिहा.
२. कोणत्याही नाटकाच्या पहिल्या अंकाचा शेवट पाहा. तिथे नेमके काय अडते? दुसरा अंक पाहावासा का वाटतो?
३. तुमच्या घरातल्या प्रत्येक माणसाचे नाव लिहून त्याच्यापुढे एक नाटक लिहा. एखाद्या नावापुढे ‘आधी विचारायला हवे’ असे लिहावे लागले, तर हा पाठ तुम्हाला समजला.